शेऱ्याचा रकाना: नियम आणि अटी लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र कुणाच्या नावाने लिहावं यावरच माझी गाडी दोन दिवस अडली होती. तुमचं नाव कुठे सापडतच नाही. कंपनीच्या अटींखाली नुसतं ‘आमची टीम’ असतं, आणि सरकारी परिपत्रकाखाली एक सही असते, वाचता येऊ नये अशाच बेताने केलेली. म्हणून तुमच्या कामावरूनच हाक मारतो. तुमच्यापैकी काही जण कंपन्यांमध्ये बसून बारीक अक्षरांतला मजकूर लिहितात. काही जण सरकारी खात्यांत बसून कोणत्या अर्जाला कोणता पुरावा लागेल ते ठरवतात. तुम्ही एकमेकांना परके समजत असाल, कदाचित विरोधकही. पण काउंटरच्या किंवा स्क्रीनच्या या बाजूला उभं राहिलं की तुमच्यातला फरक पुसट होत जातो. दोघांच्याही कागदाच्या तळाशी एकच वाक्य असतं : ‘मी वरील सर्व अटी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत.’

या वाक्यात दोन विधानं आहेत. पहिलं धादांत खोटं आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. पत्र दुसऱ्याबद्दल आहे.

तरी पहिल्याचा निकाल लावून टाकू. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २००८ मध्ये एक हिशेब मांडला होता. इंटरनेट वापरणाऱ्या सर्वसाधारण अमेरिकी माणसाने तो पाहतो त्या प्रत्येक साइटचं नुसतं गोपनीयता धोरण वाचायचं ठरवलं, तर वर्षाला दोनशेहून अधिक तास लागतील. रोजचे आठ तास धरले तर महिनाभराच्या नोकरीएवढं काम, तेही बिनपगारी. आणि हा हिशेब फोनवर ॲपांचा सुळसुळाट होण्याआधीचा. त्यानंतर दोन वर्षांनी ब्रिटनमधल्या गेमस्टेशन या व्हिडिओ गेम विकणाऱ्या कंपनीने १ एप्रिलचा मुहूर्त साधून आपल्या अटींत एक कलम घुसवलं, की ग्राहक आपला अमर आत्मा कंपनीच्या हवाली करत आहे. नको असेल तर तसं कळवायची सोय होती, आणि कळवणाऱ्याला बक्षिसाचं कूपनही मिळणार होतं. सुमारे साडेसात हजार लोक आत्मा देऊन मोकळे झाले. कंपनीने पुढे आत्म्यांवरचा दावा सोडला. आमच्या फोन नंबरांवरचा दावा कुणी सोडल्याचं मात्र अजून ऐकिवात नाही.

ही गंमत झाली. पण न वाचलेल्या ओळी कधी कुठे उगवतील याचा नेम नसतो. २०२३ मध्ये फ्लोरिडात, डिस्नेच्या आवारातल्या एका रेस्टॉरंटमध्ये जेवल्यानंतर एका महिलेचा ॲलर्जीने मृत्यू झाला. तिच्या पतीने रेस्टॉरंटबरोबर डिस्नेवरही दावा लावला. त्यावर डिस्नेच्या वकिलांनी काय सांगावं? या गृहस्थांनी २०१९ मध्ये आमच्या व्हिडिओ सेवेचं चाचणीपुरतं सदस्यत्व घेतलं होतं, त्या सेवेच्या अटींत वाद लवादापुढे नेण्याचं कलम आहे, सबब त्यांना कोर्टात येता येणार नाही. घरी बसून सिनेमे बघायला दिलेला होकार बायकोच्या मृत्यूपर्यंत ताणला गेला. बोभाटा झाला तेव्हा, ऑगस्ट २०२४ मध्ये, कंपनीने तो मुद्दा मागे घेतला. कोर्टाने तो चूक की बरोबर हे सांगायची वेळच आली नाही. ते कलम लिहिणारा तुमच्यातलाच कुणीतरी असेल. लिहिताना त्याच्या मनात हे नव्हतं, हे मी मानायला तयार आहे. माझं भांडण दुष्टपणाशी नाही, सवयीशी आहे.

आता दुसरं विधान : ‘मान्य आहेत.’

समोर ‘नाही’ म्हणायची वाट मोकळी असेल तरच ‘हो’ला अर्थ येतो. लहान मुलालाही हे कळतं. ‘आंघोळीला जातोस की मी येऊ?’ हा प्रश्न नाही, हे त्याला बरोबर समजतं. तुमच्या पडद्यांवर मात्र असले प्रश्न राजरोस विचारले जातात आणि त्याला ‘संमती’ असं भारदस्त नाव मिळतं. २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फोनमधल्या एका टॉर्चच्या ॲपवर कारवाई केली. टॉर्च, बाकी काही नाही. कोट्यवधींनी उतरवून घेतलेलं ते ॲप माणूस कुठे आहे याची माहिती जाहिरातवाल्यांना पोचवत होतं. त्यात ‘नकार’ असंही एक बटण होतं, पण माणूस कुठलंही बटण दाबायच्या आधीच माहिती रवाना झालेली असे. इतक्या निर्मळ स्वरूपात फसवणूक क्वचितच पाहायला मिळते. बाकीचे जरा कष्ट घेतात.

कष्ट म्हणजे कसे? ॲमेझॉनचं प्राइम सदस्यत्व बंद करायची जी वाट होती तिला कंपनीच्या आत ‘इलियड’ म्हणत, असं त्याच कमिशनने २०२३ च्या तक्रारीत नोंदवलं. ट्रॉयच्या न संपणाऱ्या युद्धावरचं ते ग्रीक महाकाव्य! चार पानं, सहा क्लिक, पंधरा पर्याय. सदस्य व्हायला एखाद-दुसरा क्लिक पुरे. नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला मी मनापासून दाद देतो. आपण काय बांधतोय हे त्याला नेमकं कळलेलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने चूक कबूल न करता अडीच अब्ज डॉलरला हे प्रकरण मिटवलं. फ्रान्समध्ये, जानेवारी २०२२ मध्ये, सीएनआयएल या तिथल्या माहिती-संरक्षण संस्थेने गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. कारण ऐकायला अगदी क्षुल्लक : कुकीज, म्हणजे आपला माग ठेवायला साइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या नोंदी, स्वीकारायला एक क्लिक आणि नाकारायला अनेक. मला ते कारण अजिबात क्षुल्लक वाटत नाही. एखाद्या घराला आत यायला दरवाजा आणि बाहेर जायला फक्त खिडकी असेल, तर त्या घराला आपण काय म्हणतो?

सरकारी खात्यांतल्या मंडळींनो, इथवर तुम्ही माना डोलावल्या असतील. बघा, नफेखोर कसे वागतात! तर आता तुमच्याकडे येतो, आणि जरा घरातलं सांगतो.

माझे वडील ऐंशीच्या घरातले. पेन्शन चालू राहायची तर वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे दाखवून द्यावं लागतं. पूर्वी समोर जाऊन उभं राहिलं, सही केली, की झालं. मग मशीन आलं. काळ्या काचेचा एक लहानसा चौकोन. त्यावर अंगठा ठेवायचा, काचेखाली दिवा उजळतो, आणि पडद्यावर हिरवी खूण येते किंवा लाल फुली. वडिलांची सगळी नोकरी छापखान्यात गेली, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात. शिशाचे खिळे उचलून, शाईचे हात रॉकेलने धुऊन त्यांच्या बोटांवरच्या रेषा केव्हाच झिजून गेल्यात. अंगठा कसा, नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत.

पहिल्यांदा लाल फुली. काउंटरवरच्या माणसाने ओल्या स्पंजची डबी पुढे सरकवली. वडिलांनी अंगठा ओला केला, सदऱ्याला पुसला, परत ठेवला. लाल. ‘जरा दाबून ठेवा.’ लाल. ‘इतका दाबू नका.’ लाल. मग दुसऱ्या हाताचा अंगठा. मागे रांग वाढत होती आणि रांगेतली माणसं वडिलांच्या हाताकडे अशी बघत होती, जणू तो त्यांनी चोरून आणलाय. काउंटरवरचा माणूस वाईट नव्हता. तो वडिलांना गेली कित्येक वर्षं ओळखतो, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करतो. त्याने मॉनिटर आमच्याकडे वळवला आणि म्हणाला, ‘काका, मी काय तुम्हाला ओळखत नाही? पण सिस्टिम घेत नाही. हे बघा, पुढचं बटणच येत नाहीये मला.’

खरंच येत नव्हतं. एक राखाडी, मेलेला आयत होता तिथे.

आम्ही तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला, एकेक बोट करत, डाव्या हाताच्या अनामिकेने वडील जिवंत ठरले. परतताना ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं अपमान झाल्यासारखं वाटत असेल. पण ते वेगळ्याच विचारात होते. म्हणाले, ‘फॉर्म कुणी जुळवलाय कोण जाणे. शेऱ्याचा रकानाच ठेवला नाही.’

शेऱ्याचा रकाना. वडिलांनी आयुष्यात किती प्रकारचे अर्ज, नोंदवह्या, पावत्या जुळवल्या असतील त्याची गणती नाही. प्रत्येकाच्या शेवटी किंवा उजव्या कडेला एक रिकामी जागा असायची आणि वर लिहिलेलं असायचं : शेरा. तिथे काय लिहायचं ते ठरलेलं नसे, म्हणून तर ती जागा. अर्ज बनवणाऱ्याने आपल्या नम्रपणाला ठेवलेली जागा होती ती. मला सगळं सुचलेलं नाही. जे सुचलं नाही ते समोरच्या माणसाने हाताने लिहावं, आणि खाली आपली सही करून त्याची जबाबदारी घ्यावी. ‘अर्जदारास समक्ष पाहिले. बोटांचे ठसे झिजलेले आहेत. ओळख पटली.’ दोन ओळींचं काम. त्या दोन ओळी लिहायचा अधिकार तुम्ही त्या काउंटरवरच्या माणसाकडून काढून घेतलात. आम्हाला ‘नाही’ म्हणता येत नाही हे एक. पण तुमच्या माणसाला ‘हो’ म्हणता येत नाही, हे मला जास्त भयंकर वाटतं. काचेच्या दोन्ही बाजूंना माणसं आहेत आणि निर्णय काचेचा आहे.

मी एका अंगठ्यावरून कांगावा करतोय असं वाटत असेल तर ब्रिटनच्या पोस्टाचं उदाहरण घ्या. १९९९ पासून तिथल्या टपाल कार्यालयांत फुजित्सू कंपनीची होरायझन नावाची हिशेबाची सिस्टिम बसवली गेली. छोटी टपाल कार्यालयं चालवणारे लोक, तिथे त्यांना सबपोस्टमास्टर म्हणतात, संध्याकाळी हिशेब जुळवायला बसत आणि पडद्यावर तूट दिसे. कधी थोडी, कधी हजारो पाउंडांची. गल्ल्यात पैसे होते, चुकत सॉफ्टवेअर होतं. पण करार असा केलेला, की तूट आली तर भरून द्यायची. आणि आता हे नीट वाचा, कारण हे तुमच्या खात्याचं काम आहे : ‘ही तूट मला मान्य नाही’ असं नोंदवायची सोयच त्या सिस्टिममध्ये नव्हती. पैसे भरा, नाहीतर हेल्पलाइनला फोन लावा. फोन लावला की अनेकांना उत्तर मिळे, असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. लोकांनी घरं गहाण टाकून तुटी भरल्या. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांखाली दोषी ठरवलं गेलं, काही तुरुंगात गेले. कोर्टही कॉम्प्युटरच्या बाजूने, कारण इंग्लंडच्या कायद्यात त्या काळापासून गृहीतकच असं होतं, की उलट पुरावा नसेल तर यंत्र नीट चालतंय असं मानायचं. आणि उलट पुरावा कुणाकडे? कंपनीच्या कपाटात. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सिस्टिममध्ये दोष होते असा निकाल दिला, आणि या शिक्षा सरसकट रद्द करायला २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करावा लागला. पंचवीस वर्षं!

या प्रकरणात दोषी कोण, कंपनी की सरकार? सॉफ्टवेअर खासगी कंपनीचं, पोस्ट ऑफिस सरकारच्या मालकीचं, करार वकिलांनी लिहिलेला, खटले संस्थेने स्वतःच भरलेले. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवू शकत होता आणि दाखवत राहिला. म्हणूनच मी हे पत्र दोघांना मिळून लिहितोय. स्वातंत्र्य कंपनीकडून धोक्यात आहे की सरकारकडून, यावर आमच्याकडे हिरिरीने वाद होतात. एका गटाला सरकार दिसलं की बाजार आठवतो, दुसऱ्याला बाजार दिसला की सरकार. तुम्ही मात्र केव्हाच एकत्र काम करायला लागलात.

नेदरलँड्समध्येही तेच. तिथल्या करखात्याने बालसंगोपनाच्या अनुदानात फसवणूक शोधायला जोखीम मोजणारी सिस्टिम लावली, त्यात अर्जदाराचं नागरिकत्वही मोजलं जाई. एखादी सही राहिली, तरी अख्खं अनुदान परत करा असा तगादा. हजारो कुटुंबं कर्जात बुडाली. जानेवारी २०२१ मध्ये सगळं मंत्रिमंडळ पायउतार झालं. कुणीतरी कुठेतरी ‘सही राहून गेली, बोलावून घेतली’ एवढा शेरा मारू शकला असता तर?

आणि तुमचं एकत्र काम कसं चालतं तेही आता झाकलेलं राहिलेलं नाही. १९७९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की माणूस जे नंबर फिरवतो ते तो आपण होऊन टेलिफोन कंपनीला सांगतो, तेव्हा पोलिसांनी ते कंपनीकडून मागितले तर त्यात खासगीपणाचा भंग नाही. ‘आपण होऊन’! म्हणजे कंपनीला दिलेला नाइलाजाचा होकार सरकारलाही दिला असं धरायचं. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी जरा लगाम घातला. एका खटल्यात सरकारने एका माणसाच्या १२७ दिवसांच्या हालचाली मोबाइल कंपन्यांकडून मिळवल्या होत्या, तब्बल १२,८९८ ठिकाणांच्या नोंदी. न्यायालय म्हणालं, यासाठी वॉरंट लागेल. चला, सुटलो असं वाटावं तर मार्च २०२३ मध्ये एफबीआयच्या प्रमुखांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं, की जाहिरातींसाठी गोळा झालेली लोकांची ठावठिकाण्याची माहिती पूर्वी संस्थेने विकत घेतली होती. वॉरंट मागायला न्यायाधीश लागतो, विकत घ्यायला पावती पुरते. आणि ती माहिती आली कुठून? ‘मला मान्य आहे’मधून. कुणी सांगावं, एखाद्या टॉर्चमधूनसुद्धा.

‘लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं कशाला?’ या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही. जर्मनीच्या घटना न्यायालयाने १५ डिसेंबर १९८३ रोजी जनगणनेच्या खटल्यात ते देऊन ठेवलंय. आपल्याबद्दल कुणाला काय ठाऊक आहे याचा ज्याला अंदाज नसतो तो माणूस आपसूक बिचकून वागायला लागतो. वेगळं काही करायचं, सभेला जायचं, तर आधी दहादा विचार करतो. लपवायला काही असो नसो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीही २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं. निकाल छान आहेत. फोन उघडला की पुन्हा तेच रंगीत बटण.

मला कुठलाच नियम नको, असं समजू नका. सीटबेल्ट मी निमूट लावतो, कर भरतो, सिग्नलला थांबतो, रिकाम्या रस्त्यावर सुद्धा. कायदा नावडता असला तरी तो कुणी केला ते मला ठाऊक असतं, त्यावर चर्चा झालेली असते, त्याला कोर्टात आव्हान देता येतं, आणि तो करणाऱ्यांना पुढच्या निवडणुकीत घरी बसवता येतं. हे सगळं नेहमी घडतं असं नाही, पण घडू शकतं. तुमच्या अटी मात्र एका रात्रीत बदलतात. सकाळी निरोप येतो : ‘आम्ही आमच्या अटी अद्ययावत केल्या आहेत. आपण वापर सुरू ठेवल्यास त्या आपल्याला मान्य आहेत असे समजले जाईल.’ म्हणजे मी काही न करणं हीसुद्धा माझी सही! उद्या मी तुम्हाला असं एक पत्र पाठवलं, की तुम्ही श्वास घेत राहिलात तर मला अमुक इतकं देणं लागता, तर चालेल? आणि जुनं ते सुरक्षित असंही नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांनी पैसे मोजून घेतलेली पुस्तकं त्यांच्या किंडल या वाचनयंत्रातून परस्पर पुसून टाकली, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. त्यातली एक कादंबरी नेमकी अशा राजवटीबद्दल होती, जिथे नको असलेले जुने कागद भट्टीत टाकले जातात. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली. पण पुसता येतं, हे तर कळलं. विकत घेतलं असं आम्हाला वाटत होतं. खरं तर आम्ही मुक्कामाला होतो.

तुमचं ठेवणीतलं उत्तर मला पाठ आहे : ‘पटत नसेल तर वापरू नका.’ कधीकाळी याला अर्थ होता. आता ऑफिसची हजेरी, मुलांच्या शाळेचे निरोप, डॉक्टरची वेळ, बँक, सरकारी अर्ज, सगळं त्याच फोनमधून जातं. न वापरणं ही निवड राहिलेली नाही, तो संन्यास आहे. युरोपचा माहिती-संरक्षण कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. खरा पर्याय नसेल, किंवा नाही म्हटल्याने नुकसान होणार असेल, तर ती संमती मोकळेपणाने दिलेली मानू नये, असं त्यात म्हटलेलं आहे. केवळ यंत्राने घेतलेल्या गंभीर परिणामांच्या निर्णयात माणसाने लक्ष घालावं, असं मागायचा हक्कही त्यात आहे. तेव्हा मी काही जगावेगळं मागत नाही. रोख पैशाला जवळपास निरोप दिलेला स्वीडनसारखा देशही आपल्या नागरिकांना संकटकाळासाठी वाटलेल्या पुस्तिकेत थोडी रोकड घरात ठेवा म्हणून सांगतो. सिस्टिम बंद पडेल, हे तिथल्या सरकारला सुचलं. सिस्टिम चालू असतानाही माणूस अडतो, हे तुम्हाला का सुचू नये?

मागणी म्हणाल तर ती थोडकीच. कंपनीवाल्यांनो, ‘हो’ जेवढ्या आकाराचं, ज्या रंगाचं आणि जितक्या क्लिकचं, ‘नाही’ही तेवढंच ठेवा, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला टॉर्च पेटवू द्या. सरकारवाल्यांनो, यंत्र ठेवा, माझी काही हरकत नाही, गर्दीत त्याने वेळ वाचतो हे मी पाहिलंय. पण यंत्र अडलं की समोरच्या माणसाला दोन ओळी लिहून सही करता यावी. त्याने चुकीचं लिहिलं तर त्याला जाब विचारा. विचारायला निदान एक माणूस तरी असेल. आणि दोघांनीही, एकमेकांच्या खिडकीतून आमची माहिती नेण्याआधी, पुढच्या दाराने येऊन आम्हाला विचारा.

कालचीच गोष्ट सांगून थांबतो. माझ्या फोनवरच्या एका ॲपने पुन्हा अटी बदलल्या. पडद्यावर दोन बटणं, ‘मान्य’ आणि ‘नंतर आठवण करा’. अकरा दिवस मी ‘नंतर’ दाबतोय आणि अकरा दिवस ते रोज विचारतंय. वडिलांनी फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळ्यांजवळ नेऊन तो पडदा खालपासून वरपर्यंत पाहिला. मजकूर त्यांनी वाचला नसावा. ते मोकळी जागा बघत होते. मग दोन बटणांच्या खाली आपला तो गुळगुळीत अंगठा आडवा ठेवून त्यांनी माप घेतलं.

‘जागा आहे की,’ ते म्हणाले. ‘बारा पॉइंटात दोन ओळी आरामात बसतील.’

कळावे,
आपल्या सर्व्हरवरचा एक ‘युजर’,
आपल्या यादीतला एक ‘लाभार्थी’